आईबाबांना घेऊन कैरो, सहा दिवस. जाणकारांनी मदत करा

रानजाई
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन कैरोला जायचं ठरलं आहे. मुंबईहून थेट विमान आहे, तिकिटं काढून झाली. बाबा ७१, आई ६६. बाबांना दमा आहे. आईचे गुडघे दुखतात, एक मजला चढली की तिला टेकावं लागतं. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

बाबांनी ३२ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. खडूने फळ्यावर पिरॅमिड काढून दाखवायचे, आतल्या वाटांसकट. स्वतः कधी बघितला नाही. म्हणून ही सहल. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. मागे एकदा गेले होते, तेव्हा पहाटे उठवून दिवसभर बसमधून फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी 'चला चला'. बाबांना थांबून बघायचं असतं.

राहायचं कुठे, जेवायचं काय, गुडघ्यांना काय झेपेल, फसवणूक कशी टाळायची, आणि लक्झर (दक्षिणेकडचं जुन्या देवळांचं शहर) करावं की नाही, एवढं कृपया सांगा.

उंबरठा
कैरोला दोन दिवस पुरेत. पिरॅमिड, म्युझियम, बास. गोंगाट, धूळ आणि मागे लागणारे लोक याने जीव नकोसा होतो. विमानाने लक्झर गाठा, तिथे चार दिवस आरामात काढा. आम्ही तसंच केलं.

नीलकाठ
उंबरठा, तुमचा अनुभव खरा असणार, पण दोन दिवसांत कैरोची फक्त फाटकं बघून होतात. त्रास देणारी माणसं त्या फाटकांवरच उभी असतात. दोन गल्ल्या आत शिरा, तेच शहर तुम्हाला बसवून चहा पाजतं. मी नोकरीच्या निमित्ताने कैरोच्या माआदी भागात साडेचार वर्षं राहिलो. आईबाबा दोनदा येऊन राहिले, म्हणून वयस्कर माणसांना घेऊन फिरायचा अनुभव आहे. सविस्तर लिहितो.

रानजाई, सहा दिवस आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, तर लक्झर सोडा. सहाही दिवस कैरोला द्या. एका दिवशी शहराची एकच बाजू. गीझाचे पिरॅमिड आणि खान एल खलिलीचा जुना बाजार एका दिवसात करायला गेलात तर तीन तास गाडीतच जातील.

राहणं: पहिल्या दोन रात्री गीझाला, पिरॅमिडजवळ. उरलेल्या रात्री झमालेक, गार्डन सिटी किंवा डाउनटाउन. झमालेक नाईलमधल्या बेटावर आहे, त्यातल्या त्यात शांत, झाडं आहेत, आपला दूतावासही तिथेच. डाउनटाउन जुन्या इमारतींचं आहे, मला फार प्रिय. पण तिथली बरीच हॉटेलं एखाद्या इमारतीच्या पाचव्या-सहाव्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. बुकिंग करायच्या आधी दोन प्रश्न लेखी विचारा: लिफ्ट चालू आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग आई दारातच अडते.

पैसे: इजिप्शियन पौंडाला तिथे 'गिनी' म्हणतात, आपल्या आजोबांच्या तोंडी असायची तीच गिनी. मार्च २०२४ मध्ये सरकारने पौंड खुला सोडला तेव्हा तिशीतला डॉलर एकदम पन्नासच्या घरात गेला. तेव्हा त्याआधीच्या प्रवासवर्णनांतले भाव बघून हिशेब मांडू नका. रुपये तिथे बदलून मिळणार नाहीत, डॉलर किंवा युरो न्या. सरकारी स्थळांची तिकिटं बहुतेक ठिकाणी कार्डानेच घ्यावी लागतात, म्हणून परदेशात चालणारी दोन वेगवेगळी कार्डं जवळ असू द्या.

आणि 'फक्का'. हा शब्द पाठ करून जा. फक्का म्हणजे सुटे. कैरोत सुट्ट्यांचा कायमचा दुष्काळ. टॅक्सीवाला, चपला सांभाळणारा, स्वच्छतागृहाच्या दाराशी कागद घेऊन उभी असलेली बाई, सगळ्यांना द्यायला पाच, दहा, वीसच्या नोटा लागतात. मोठी नोट काढली की परत काही येत नाही आणि तिथेच वादाला तोंड फुटतं. मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोठी नोट मोडायचो आणि सुटे वेगळ्या खिशात ठेवायचो. आपल्याकडे बक्षीस म्हणजे नंबर आल्यावर मिळतं ते, किंवा खूश होऊन दिलेलं. तिथे बक्षीस हा रोजचा व्यवहार आहे. बॅग उचलली, दार उघडलं, वाट दाखवली, की थोडं द्यायचं. ते द्या, मनाला लावून घेऊ नका. पण न मागता कुणी तुमचा मोबाइल हातात घेऊन फोटो काढायला लागला, तर तिथेच 'ला, शुक्रान' (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून समजावत बसलात की संपलं.

रानजाई
नीलकाठ, किती मनापासून लिहिलंत! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'गिनी' शब्दासाठी वेगळा नमस्कार कळव. जेवणाचं काय?

मोगरा७
जेवणाचं मी सांगते, आम्ही घरचे पाचही शाकाहारी. उपाशी अजिबात राहणार नाही. सकाळी फूल म्हणजे शिजवून घोटलेले बाकल्याचे (फावा बीन्सचे) दाणे, वर जिरं, लिंबू, तेल. सोबत आइश, म्हणजे कोंड्याची फुगलेली भाकरी. आइश या शब्दाचा अर्थ जगणं असाही होतो. ताअमिया म्हणजे तिथलं फलाफल, पण चण्याचं नाही, बाकल्याचंच, आतून हिरवंगार.

दुपारी कोशरी. डाउनटाउनला अबू तारिकचं दुकान मजल्यावर मजले चढवून उभं आहे, तिथे कोशरीच मिळते. भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा, छोले आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत लसूण-व्हिनेगरचं पाणी, ते भरपूर घाला. दुसरी शत्ता, म्हणजे तिखट. ती आधी चमच्यावर घेऊन बघा.

सावध कुठे राहायचं? 'लहमा' म्हणजे मांस, पण नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चिकन येऊ शकतं, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते लहमा नाहीच. म्हणून 'मिन घेर लहमा, मिन घेर फिराख' (मांसाशिवाय, कोंबडीशिवाय) असं दोन्ही म्हणायचं. मुलुखिया ही पालेभाजी दिसते आपल्या अळूच्या फतफत्यासारखी, पण शिजवतात बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात. आमच्या सासूबाई पहिला घास घेणारच होत्या, तेवढ्यात वाढणाऱ्या मुलाने स्वतःहून हात धरून थांबवलं. मसुराचं सूपही विचारूनच घ्या.

सगळ्यात उपयोगी शब्द 'सियामी'. कॉप्टिक म्हणजे तिथले मूळचे ख्रिश्चन वर्षातले दोनशेच्या वर दिवस उपास करतात आणि त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे 'अक्ल सियामी' म्हणजे उपासाचं जेवण म्हटलं की स्वयंपाकघराला बरोबर कळतं.

नीलकाठ
मोगराताई, सियामी अगदी बरोबर, फक्त एक भर. काही उपासांत मासे चालतात. नाताळाच्या आधीचा उपास (त्यांचा नाताळ ७ जानेवारीला) त्यातलाच. म्हणून 'सियामी, मिन घेर समक' म्हणायचं. समक म्हणजे मासा. रानजाई जातील तेव्हा तो उपास नुकताच संपलेला असेल, त्यामुळे पाटीवर सियामी लिहिलेलं कमी दिसेल. शब्द मात्र बाराही महिने कळतो.

आणि हॉटेलात बिल मागायला 'अल हिसाब' म्हणा. तोच आपला हिशेब. कॉफी 'सादा' मागितली तर बिनसाखरेची, 'मजबूत' मागितली तर बेताच्या साखरेची. खलास, तारीख, हवा, साबण... आईबाबांना रोज एखादा तरी ओळखीचा शब्द ऐकू येईल.

गिरकी
मी एकटी गेले होते, आठ दिवस. थोडं बायकांच्या बाजूने.

मेट्रो बिनधास्त वापरा. १९८७ मध्ये सुरू झाली, आफ्रिका खंडातली पहिली. गाडीच्या मधले डबे बायकांचे असतात, फलाटावर तशी पाटी असते. तिकीट बाहेर पडेपर्यंत टाकू नका, दाराशी परत लागतं. त्या डब्यात मुली सरळ शेजारी येऊन बसायच्या. 'हिंदिया?' विचारायच्या आणि पुढचा शब्द 'अमिताभ बच्चन'. एका आजींनी तर माझ्या बांगड्या एकेक फिरवून पाहिल्या आणि स्वतःच्या पिशवीतून संत्रं काढून सोलून दिलं. रस्त्यावर मात्र पुरुषांच्या नजरा आणि शेरे असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. सलवार-कमीज आणि ओढणी सगळ्यात सोयीची. मशिदीत तीच डोक्यावर घेता येते. रात्री उशिरा ॲपवरची गाडीच घ्यायची. गाडीचा नंबर ताडून बघितल्याशिवाय बसायचं नाही.

आता नंबर! तिथे इंग्रजी आकडे चालतील अशी माझी समजूत होती. नंबरप्लेट, दुकानातले भाव, घरांचे क्रमांक बऱ्याचदा त्यांच्याच आकड्यांत असतात. आपल्याला सगळ्यात गोंधळात पाडतो पाच, कारण तो दिसतो थेट आपल्या शून्यासारखा. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. चार म्हणजे इंग्रजी तीन आरशात बघितल्यासारखा, सहा म्हणजे इंग्रजी सात आरशात. सात इंग्रजी 'व्ही'सारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. विमानात बसून दहा आकडे गिरवा, अर्ध्या तासात येतात. मग फळवाल्याच्या पाटीवर ५० लिहिलंय की ५ ते आपलं आपल्याला कळतं.

आणखी एक, स्वस्त दिसतं म्हणून 'न्यू कैरो'तलं हॉटेल घेऊ नका. मी तेच केलं. नाव कैरो, पण ते पूर्वेला लांब वसवलेलं नवं उपनगर. पहिले तीन दिवस माझी सकाळ-संध्याकाळ गाडीतच गेली. चौथ्या दिवशी पैसे सोडून डाउनटाउनला आले.

उंबरठा
नीलकाठ, तुमचं फाटकांचं म्हणणं पटतंय. आम्ही खरंच फाटकाबाहेर गेलो नव्हतो. पण पिरॅमिडला आम्हाला झालेला त्रास सांगतो, रानजाईंना उपयोग होईल. गाडी थांबायच्या आधीच एक माणूस दाराला लटकला. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. 'पुढचं गेट बंद आहे, तिकीट इथूनच' म्हणाला. आम्ही त्याच्या मागे गेलो आणि पोहोचलो उंटांच्या गोठ्यात. उंटावर बसायचा भाव एक सांगितला. उतरायच्या वेळी उंट खाली बसवेना, उतरायचे वेगळे पैसे म्हणाला. माझी बायको वर, घाबरलेली. द्यावेच लागले. तेव्हापासून माझ्या मनात कैरो म्हणजे तो उंट.

नीलकाठ
वाईट वाटलं वाचून. वहिनींना किती भीती वाटली असेल.

२०२५ पासून तिथली व्यवस्था बदलली आहे. प्रवेश आता फयूम रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या दाराने, आणि आत विजेवर चालणाऱ्या बस एकेका थांब्यावर सोडतात. आईच्या गुडघ्यांसाठी ही सोय फार चांगली. चालकाला सांगा की फयूम रोडचं नवीन दार. वाटेत कुणीही थांबवलं तरी काच खाली करायची नाही. उंटावर बसायचंच नाही असं आधीच ठरवून टाका, म्हणजे घासाघीसच नको.

ग्रेट पिरॅमिडच्या आत जाण्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण बाबांची इच्छा असणार. आतली चढती वाट इतकी बुटकी आहे की कंबरेत वाकून चढावं लागतं. मग एकदम ग्रँड गॅलरी लागते, ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच, आणि शेवटी ग्रॅनाइटची खोली, रिकामी पेटी. हवा कोंदट, गरम, येणारे-जाणारे एकाच वाटेने. दमा असलेल्या माणसाने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. माझे वडील हट्टाने गेले आणि मधूनच परत फिरावं लागलं. वळायलाही जागा नव्हती, मागच्या वीस माणसांना उलटं उतरवलं.

त्याऐवजी त्यांना सक्काऱ्याला न्या. गीझाहून गाडीने साधारण तासाभरात पोहोचता. झोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिथे, सगळ्या पिरॅमिडांत आधीचा. पण मी नेईन ते मेरेरुका आणि कागेम्नी या अधिकाऱ्यांच्या थडग्यांत. आत ताठ मानेने सपाट चालत जाता येतं. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या भिंती, आणि त्यांवर राजाबिजा नाही तर रोजचं जगणं: गाईची धार काढणारा गडी, नदीतून गुरं उतरवणारे गुराखी, हंसाला कोंबून भरवणारा माणूस. मेरेरुकाकडे एका खोलीत कोनाड्यातून तो स्वतः पाऊल पुढे टाकून बाहेर येतोय असा पुतळा आहे. इतिहासाच्या शिक्षकाला तिथून हलवणं अवघड जाईल. गाडी दिवसभरासाठी ठरवा, परतीला सक्काऱ्याहून वाहन मिळत नाही.

पिरॅमिडजवळचं नवं मोठं संग्रहालय, ग्रँड इजिप्शियन म्युझियम, नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर खुलं झालं. तूतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तू आता तिथे एकत्र आहेत. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून, घरूनच काढा. त्याला अख्खा दिवस. सरकते जिने, लिफ्ट, बसायला जागा सगळं आहे. दारातून आत गेल्यावर दुसऱ्या रामसेसचा ११ मीटर उंच पुतळा. हा १९५५ ते २००६ पर्यंत रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात धुरात उभा होता. वरच्या टोकाला काचेतून थेट पिरॅमिड दिसतात. तिथे आईला बसवा आणि घाई करू नका.

फक्त एक घोळ सगळ्यांचा होतो: संग्रहालयं तीन आहेत. राजांच्या ममी या नव्यात नाहीत आणि तहरीर चौकातल्या जुन्यातही नाहीत. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममी मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या. तळघरातल्या काळोख्या दालनात उतरत्या वाटेने जायचं, पायऱ्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत. हातशेप्सुत, सेती, रामसेस तिथे. तहरीरच्या जुन्या इमारतीत, १९०२ ची ती, तानिस या प्राचीन शहरात सापडलेलं सोनं आणि प्सुसेन्नेस राजाची चांदीची शवपेटी बघायची. बाहेर कुणी 'आज बंद आहे, दोन वाजता उघडेल, तोवर माझ्या काकांचं दुकान बघा' म्हणालं तर सरळ दरवाजापर्यंत चालत जा.

खारीक
औषधांबद्दल लिहितो, पेशाने फार्मासिस्ट आहे. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं इजिप्तमध्ये अजिबात नेऊ नका. आपल्याकडे गुडघेदुखीला सर्रास लिहून देतात, पॅरासिटामॉलबरोबरच्या एकत्रित गोळीतही असतं. तिथे ते अंमली पदार्थात धरलं जातं आणि लोक तुरुंगात गेलेले आहेत. आईंच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं आजच वाचा. असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. बाकी औषधं मूळ पाकिटात, सोबत इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन. बाबांचा इन्हेलर हातातल्या पिशवीत, दुसरा सामानात. तिथे बंद जागेतही सिगारेट आणि हुक्का चालतो, तेव्हा कॅफेत बाहेरचं टेबल घ्या.

धागा वाचून कुणी दुबईमार्गे जाणार असेल तर: खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत आहे. अनारसे, खसखस लावलेले लाडू घरीच ठेवा.

ड्रोनही नको. इजिप्तमध्ये विमानतळावरच जप्त होतो.

मोगरा७
खारीकदादा, हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद.
रानजाई, स्वेटर विसरू नकोस. दिवसा छान ऊन असतं पण रात्री नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतं आणि खोल्या गरम करायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते. आणि एक नाजूक विषय: तिथल्या शौचालयांत पाण्याची सोय असते, शत्ताफ म्हणतात. युरोपसारखे हाल नाहीत.
व्हिसा फक्त अधिकृत सरकारी संकेतस्थळावरून किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासातून. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट्स दुप्पट पैसे घेतात.

टेकडीवाला
माझी एक विनंती. हेलिओपोलिस भागात युद्धस्मशान आहे, तिथे एक तास द्या. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाड्यांवर पडलेल्या सुमारे चार हजार भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे. मूळ स्मारक सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट तौफिकला होतं, १९२६ मध्ये उभारलेलं, दोन वाघांच्या शिल्पांसकट. अरब-इस्रायल युद्धांत ते उद्ध्वस्त झालं, म्हणून १९८० मध्ये हेलिओपोलिसला नवं केलं. मी सैन्यात होतो. तिथे उभा राहिलो तेव्हा आजूबाजूला कुणीच नव्हतं, फक्त एक माळी पाणी घालत होता. त्याने नळ बंद केला आणि मी निघेपर्यंत चालू केला नाही. त्याच भागात एका बेल्जियन उद्योगपतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला राजवाडा आहे, आपल्या देवळांच्या आणि अंगकोरच्या धर्तीवरचा. दोन्ही एका फेरीत होतात.

गिरकी
टेकडीवाला काका, हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी नक्की.

जुन्या ख्रिश्चन वस्तीत जायला मार गिर्गिस मेट्रो स्टेशनवर उतरा, समोरच आहे. तिथल्या झुलत्या चर्चला २९ पायऱ्या आहेत, आईंना मधे थांबत जमतील. जवळच बेन एझ्रा हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून ते लोक जुने कागद एका खोलीत टाकत गेले. शेकडो वर्षांनी तो साठा सापडला, त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांची बाराव्या शतकातली पत्रंही निघाली, मिरी, सुपारी, लोखंडाच्या हिशेबांची. आता तिथे कागद नाहीत, बहुतेक केंब्रिजला आहेत. पण बाबांना ती जागा बघायला आवडेल.

रस्ता ओलांडणं: सिग्नलची वाट बघू नका. एखादी स्थानिक बाई दिसली की तिच्या बरोबरीने, एकाच वेगाने चालायचं. मधे थबकायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही.

नीलकाठ
आणि शुक्रवारी सकाळी डाउनटाउन चालून घ्या. सुट्टीचा वार, दुपारच्या नमाजापर्यंत रस्ते रिकामे. अडचण आलीच तर पर्यटक पोलीस १२६, रुग्णवाहिका १२३.

रानजाई
मंडळी, काल रात्री परत आलो. आधी सगळ्यांना आईबाबांचा नमस्कार.

खारीकदादा, आईच्या गोळीत ट्रॅमाडॉल होतं. डॉक्टरांनी बदलून दिली. तुमचे उपकार कसे मानू.

बाबा पिरॅमिडच्या आत गेले नाहीत. मला वाटलं होतं हट्ट करतील. ते बाहेर तळाच्या दगडाला हात लावून बराच वेळ उभे होते. दगड त्यांच्या छातीपर्यंत येत होता. 'मी फळ्यावर इवल्या इवल्या विटा काढायचो,' म्हणाले. मेरेरुकाच्या थडग्यात दीड तास गेला. तिथल्या राखणदाराने त्यांना एकेक भिंत टॉर्चने तिरपा उजेड टाकून दाखवली, तसा टाकला की कोरीव रेघा उठून दिसतात. त्याला दिलेलं बक्षीस मला अजिबात जड वाटलं नाही.

त्रास झालाच नाही असं नाही. पिरॅमिडच्या वाटेवर दोन जण गाडीपुढे आले, काच खाली केली नाही, झालं. एका टॅक्सीवाल्याने आधी ठरवलेल्यापेक्षा दुप्पट मागितले. सुटे होते, ठरलेले मोजून दिले आणि उतरलो. त्याने फार ओढून धरलं नाही. बाबांना दोन दिवस धुरा-धुळीचा खोकला झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी काही न करता झमालेकला नदीकाठी बसलो, बरं वाटलं. सहापैकी असा एक सकाळचा वेळ रिकामा ठेवाच.

आता आईचं. नीलकाठ, तुम्ही धाग्यात लिहिलं नव्हतं, पण व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलं होतंत की बाब झुवेलाच्या दाराबाहेर तंबू शिवणाऱ्यांची गल्ली आहे, खयामिया. छत असलेली गल्ली, दोन्ही बाजूंनी लहान दुकानं, ओट्यावर मांडी घालून पुरुष शिवत बसलेले. जाड कापडावर रंगीत कापडाचे तुकडे, कमळं, जाळ्या, पक्षी. आई एका ओट्यापाशी थांबली ती हलेना. ती गोधड्या शिवते, तुम्हाला माहीत नसेल. तो कारागीर तुकड्याची कड आधी टाचून घेत नव्हता. सुईच्या टोकानेच कड आत दुमडायची आणि त्याच दमात टाका, की पुढची दुमडायची. आई आयुष्यभर आधी धावदोरा घालून घेते. तिने बोटाने खूण करून विचारलं, 'असं कसं?' त्याने कापड फिरवून तिच्याकडे धरलं, तीनदा सावकाश करून दाखवलं आणि सुई तिच्या हातात दिली. आईने चार टाके घातले. दोन कमळाच्या पाकळीवर नीट बसले, दोन जरा मोठे पडले. तिने उसवायला सुई घातली तर त्याने हात आडवा केला आणि 'माअलेश', म्हणजे असू दे, म्हणाला. ते तसेच ठेवले. मग चहा आला. गुडघ्यांसाठी दुकानातून खुर्चीही आली.

मोगरा७
वाचताना डोळे भरून आले गं. मग काही घेतलं का तिथून? भाव काय पद्धतीने करायचा?

रानजाई
घेतलं ना, उशीचे दोन अभ्रे आणि एक भिंतीवर लावायचा चौकोन. मागची बाजू उलटून बघायची. हाताचं काम असेल तर टाके किंचित कमी-जास्त दिसतात, छापील कापडाला मागे काहीच नसतं. तिथे दोन्ही विकायला असतं. भाव थोडा उतरवला, फार नाही, एकेका चौकोनाला किती दिवस लागतात ते समोर दिसत होतं. घडी करून सामानात मावतं. मोठे पडदे मात्र वजनदार असतात, ते घ्यायचे असतील तर जातानाच बॅगेत पाच किलोंची जागा ठेवून जा.